रिपीटर बाप

नागपूरच्या धंतोलीत लहान मुलांच्या डॉक्टरांची कमी नाही. त्यांतल्या कुठल्याही दवाखान्यात संध्याकाळी जाऊन बसा, बापांच्या दोन जाती चटकन ओळखू येतात. पहिल्या जातीचा बाप बसतच नाही. खुर्ची रिकामी असली तरी तो उभा असतो, कारण बसल्यावर नंबर निघून जाईल अशी त्याला धास्ती. हातात फाइल, फाइलमध्ये जन्मल्या दिवसापासूनचे कागद तारीखवार लावलेले, खांद्यावर बाळाची बॅग आणि बॅगेत गरम पाण्याचा थर्मास, चार झबली, दोन टोपडी, सॅनिटायझर. बाळाला शिंक आली की हा बायकोकडे बघतो, बायको सासूकडे बघते आणि सासू छताकडे.

दुसऱ्या जातीचा बाप बसलेला असतो. चपला काढून, एक पाय वर घेऊन. बाळ त्याच्या डाव्या हातावर पालथं लोंबत असतं आणि उजव्या हातानं त्याचा चिवडा चालू असतो. बॅग नाही, फाइल नाही. खांद्यावर एक जुनं दुपटं, त्यानंच बाळाचं तोंड पुसलं जातं आणि अधूनमधून स्वतःचंही. समोरच्या उभ्या बापाकडे बघून तो हसतो आणि न विचारता म्हणतो, "पहिलं आहे का? काही नाही होत, भाऊ. बसा."

हा दुसऱ्यांदा बाप झालेला. नागपुरात डॉक्टरकीच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसणाऱ्या पोट्ट्याला रिपीटर म्हणतात. त्याच्या चेहऱ्यावर पेपर आधी पाहून आल्याचा जो एक भाव असतो, तोच ह्याच्याही चेहऱ्यावर असतो. म्हणून आमच्या स्कीममध्ये त्याला रिपीटर म्हणतात. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: नागपुरात फ्लॅटच्या इमारतीला स्कीम म्हणतात. त्यात कुठलाही कट शिजत नाही. शिजतं ते वरण आणि सोसायटीच्या मेंटेनन्सवरचं भांडण.)

ही जात आता दुर्मीळ होत चालली आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर 1.7 निघाला. म्हणजे सरासरी बघितली तर बाईमागे पुरती दोन लेकरंसुद्धा भरत नाहीत. माझ्या लहानपणी भिंतीवर लाल त्रिकोण आणि दोन किंवा तीन पुरे असं लिहिलेलं असायचं, तेव्हा दुसरं लेकरू होणं ही काही सांगायची गोष्ट नव्हती. बापानं त्याचं कौतुक करणं तर त्याहून नाही. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं पोर उचलून घेणाऱ्या माणसाला आमच्याकडे निर्लज्ज समजत. आमच्या पिढीतल्या कित्येकांना बापानं पहिल्यांदा नीट बघितलं ते शाळेचा दाखला काढताना. सांगायचं एवढंच, की दुसऱ्या बाळाच्या नुसत्या जांभईवर पाऊण तास बोलू शकणारा बाप हा नव्या काळाचा प्राणी आहे आणि मला तो तळमजल्यावर शेजारी लाभला आहे.

आमचा रिपीटर सिव्हिल लाइन्समधल्या एका केंद्र सरकारी कचेरीत आहे. मोठी मुलगी पाच वर्षांची. धाकटी ह्या वर्षी मार्चमध्ये, होळीच्या जरा आधी झाली. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, असा आपल्याकडचा हिशेब. आणि नागपूरच्या माणसाला बर्फी म्हटलं की संत्रा बर्फीच आठवते. रिपीटर डबा घेऊन चारही मजले हिंडला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दोन वड्या उचलल्या, एक तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "असू दे. लक्ष्मीच आहे."

"असू दे कायचं, काकू? मागून घेतली आहे. आणि सरकारपण हेच म्हणून राहिलं."

सरकार खरंच म्हणतं. मातृवंदना योजनेत दुसऱ्या बाळंतपणाचे 6000 रुपये मिळतात ते मुलगी झाली तरच. काकूंना ते माहीत नव्हतं. त्यातला एक रुपयाही रिपीटरच्या घरी येणार नव्हता, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. काकूंनी दुसरी वडी पदराआड केली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहतं. त्यांना रिपीटरच्या धाकटीच्या आधी पंधरा दिवस मुलगा झाला होता. हा पहिलटकर बाप रिपीटरला गुरूच्या जागी मानायला लागला. त्याच्या मोबाइलमध्ये एक अॅप होतं. त्यात बाळ किती वाजता प्यालं, कुठल्या बाजूला प्यालं, किती वेळा ओलं केलं, शीचा रंग कोणता, सगळं भरायचं. एका रात्री साडेअकराला तो खाली आला. पायात दोन वेगळ्या चपला. बाळाला तीन दिवसांत शी झाली नव्हती आणि अॅप लाल झालं होतं.

रिपीटर लुंगीवर बाहेर आला. धाकटी खांद्यावर होतीच. "पिऊन राहिला ना बरोबर?"

"हो."

"पोट कडक आहे? उलटी? रडून राहिला?"

"नाही. झोपलाय."

"मग तुम्हीपण झोपा. अंगावर पिणाऱ्या पोराचं असं होतं, तीन-तीन, चार-चार दिवस नाही करत. वजन वाढून राहिलं ना, बस. मोठीच्या वेळी मीपण असाच पळत होतो."

सल्ला अगदी बरोबर होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि त्याच दुपारी मुलानं अॅपचं समाधान होईल एवढं सगळं एकदम करून टाकलं. रिपीटरची कीर्ती स्कीमच्या फाटकाबाहेर गेली. समोरच्या मेडिकल स्टोअरवाल्यानं आपल्या मेहुण्याला त्याच्याकडे पाठवलं. पोहे-तर्रीच्या ठेल्यावर रविवारी सकाळी तो प्लेट हातात घेऊन दोघातिघांना मान धरण्याचं शास्त्र समजावून सांगताना मी स्वतः बघितला आहे. तर्रीचा एक थेंब बुशकोटावर पडला तेव्हा त्यानं खांद्यावरचं दुपटं काढून पुसला. धाकटी घरी होती. दुपटं मात्र आता त्याच्या अंगाचाच भाग झालेलं.

ह्या कीर्तीला पहिला तडा गेला तो वहिनींमुळे. आमच्या हिला एकदा त्या सहज म्हणाल्या, "ह्यांचं काय ऐकता! मोठीच्या वेळी हे गाडीत होते."

झालं होतं असं. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, ही आपली जुनी रीत. वहिनींचं माहेर अकोल्याचं. मोठी अकोल्यात झाली, डिसेंबरात. केंद्र सरकार बापाला 15 दिवसांची पितृत्व रजा देतं, ती ह्यानं घेतली. पण डॉक्टरांनी दिलेली तारीख पाळायला बाळाला कोणी सांगितलं नव्हतं. ते आठवडाभर उशिरा आलं. रजेचा पहिला आठवडा रिपीटर सासुरवाडीत जावई म्हणून जेवत बसला. उरलेली रजा बारशाच्या आत संपली. त्यानंतर तीन महिने दर शनिवारी संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस धरायची, रात्री अकोला, रविवारभर बाळ, सोमवारी पहाटे परतीची विदर्भ पकडायची आणि स्टेशनवरून थेट कचेरी. त्या रविवारीसुद्धा बाळ ह्याच्या वाट्याला यायचं ते आजी, पणजी, दोन मावश्या आणि मालिशवाली बाई ह्यांच्यातून उरलं तर. पोर पहिल्यांदा हसलं तो मंगळवार होता. मान धरली तो गुरुवार. सगळे फोटो व्हॉट्सअॅपवर आले आणि रिपीटरनं ते जेवणाच्या सुट्टीत कचेरीत बसून बघितले. वही, नोंदी, शीचे रंग हे सगळं केलं होतं हे खरं. पण ते फोनवर बायकोला विचारून विचारून.

म्हणजे आमचा रिपीटर पहिल्या पेपरला बसलेलाच नव्हता. त्याच्याकडे फक्त प्रश्नपत्रिका होती.

ही गोष्ट कळल्यावर माझं त्याच्याबद्दलचं मत खाली यायला हवं होतं. उलट ते वर गेलं. आता तो जे काही करतो ते मला नीट दिसायला लागलं. दवाखान्यातला तो चिवडा, ते "काही नाही होत", ती लुंगीवरची ऐट, ह्या सगळ्याच्या खाली एक चाळीशीला टेकलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा दीड महिन्याचं पोर रोज सकाळी बघत होता. वहिनींनी पुढे हेही सांगितलं, की रात्री तो तीनदा उठतो आणि धाकटीच्या नाकाखाली बोट धरून बघतो. बोटाला वाफ लागली की झोपतो. दुसऱ्या मजल्यावरचा पहिलटकर तेच करतो, पण तो निदान कबूल तरी करतो.

दुसरं बाळंतपण नागपुरातच व्हायचं ठरलं आणि अकोल्याहून सासूबाई एक महिन्याकरता आल्या. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा, सगळं आलं. आणि मालिशवाली मावशी आली. ह्या बाईसमोर रिपीटरची विद्या चालेना. सकाळी आठला ती येणार, न्हाणीघरात पाटावर बसणार, पातळ गुडघ्यापर्यंत सारून दोन्ही पाय समोर लांब करणार आणि नडग्यांच्या खाचेत धाकटीला असं ठेवणार की तिथून पोर घसरायची बिशाद नाही. मग खोबरेल. छातीवरून खांद्याकडे, खांद्यावरून मनगटाकडे, डावा हात उजव्या पायाला लावायचा, उजवा हात डाव्या पायाला. धाकटी आधी कुरकुरायची, मग डोळे अर्धे मिटून गप्प पडायची, साधूसारखी. रिपीटर दारात उभा राहून हे रोज बघायचा. एक दिवस म्हणाला, "मावशी, मला शिकवा."

मावशीनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि पाट सोडला. रिपीटर लुंगी खोचून बसला. पाय लांब केले. पाय लांब झाले, पण सरळ होईनात. वीस वर्षं खुर्चीत बसून गुडघ्यामागच्या शिरा अशा आखडल्या होत्या की गुडघे आपोआप वर यायचे आणि मांड्यांचा उतार पोटाकडे व्हायचा. धाकटीच्या ऐवजी तिची तेलाची वाटी ठेवून बघितली. ती घरंगळत येऊन पोटाला लागली. मावशी म्हणाली, "साहेब, पाय सोडा. खुर्चीनं खाल्ले तुमचे पाय." त्यानंतर महिनाभर रिपीटर रोज पहाटे गच्चीवर पायाचे अंगठे धरायचा प्रयत्न करताना दिसायचा. लोकांना वाटलं योगा. मावशीनं शेवटी त्याला टाळू भरायचं काम दिलं. तेही दोन बोटांनी, आणि ती समोर उभी असताना.

एप्रिलच्या अखेरीस धाकटी दीड महिन्याची झाली आणि दोन गोष्टी एकाच आठवड्यात आल्या. लस आणि हसू. लसीच्या दिवशी दोन्ही मांड्यांत सुया, तोंडात थेंब. रिपीटर मोठ्या तयारीनं धाकटीला मांडीवर घेऊन बसला. आजूबाजूच्या उभ्या बापांना सांगितलं, "बघत राहा, घट्ट धरायचं, पण प्रेमानं." सिस्टरनं सुई काढली तशी ह्याला अचानक गाडीची किल्ली बाहेर राहिल्याचं आठवलं. पोर वहिनींच्या हातात गेलं, हा बाहेर. किल्ली खिशातच होती. परत आला तेव्हा धाकटी रडून, पिऊन, झोपूनही गेली होती आणि मोठी त्याला म्हणाली, "बाबा, झालं. तू ये आता."

हसण्याची गोष्ट जरा वेगळी. तिसऱ्या आठवड्यापासूनच रिपीटर धाकटी हसल्याचं जाहीर करत होता. सासूबाई म्हणत सटवाई हसवते. डॉक्टर म्हणाले झोपेतलं हसू, खरं हसू सहाव्या आठवड्याच्या आसपास येतं, समोरच्याकडे बघून. तेव्हापासून हा समोरचा होण्यासाठी धडपडत होता. कचेरीतून आला की हातपाय धुऊन तिच्या समोर. जीभ काढून, भुवया उडवून, टाळ्या वाजवून झालं. धाकटी त्याच्या कानाच्या वरून कुठेतरी बघायची.

मग एका शनिवारी दुपारी ती हसली. चांगलं तोंडभर, हिरड्या दाखवून, हातपाय झाडत. छताच्या पंख्याकडे बघून.

मी तेव्हा त्यांच्याकडे वर्तमानपत्र परत करायला गेलो होतो, त्यामुळे हे डोळ्यांनी बघितलं. बाहेर ऊन रणरणत होतं. खिडकीतला लोखंडी कूलर वाळ्याच्या ताट्यांतून ओला वास सोडत होता आणि टिल्लू पंप मधूनच पाणी संपल्यासारखा खरखरत होता. कूलरची हवा बाळावर थेट नको म्हणून धाकटीला कोपऱ्यात गादीवर ठेवलं होतं आणि वरचा पंखा एकवर होता. पंख्याची पाती तपकिरी, छत पांढरंशुभ्र. ती पाती सावकाश फिरताना ते पोर असं निरखत होतं की बस. पंखा गेला, आला. ती हसली. पंखा गेला, आला. पुन्हा हसली.

रिपीटरनं आधी पंख्याकडे रागानं बघितलं. मग काय मनात आलं कोण जाणे, तो तिच्या शेजारी फरशीवर उताणा झाला, डोकं तिच्या डोक्याला लावून, आणि वर बघायला लागला. बराच वेळ दोघं तशीच. मी वर्तमानपत्र टीपॉयवर ठेवलं तरी त्याला कळलं नाही. तेवढ्यात त्याची आई पोथी हातात घेऊन आली, मुलगा भर दुपारी फरशीवर पडलेला बघून घाबरली आणि "ऊन लागलं का रे?" म्हणत कांदा आणायला धावली. कांदा येईपर्यंत तो तसाच पडून होता. म्हणाला, "खरंच मस्त दिसते ना, आई. मधे एक डाग आहे, तो फिरत नाही. ती त्यालाच पाहून राहिली." आईनं दोघांचीही दृष्ट काढली.

मे महिना नागपुरात फक्त जगून काढायचा असतो. पारा पंचेचाळिशीच्या वर, 25 तारखेपासून नवतपा. रस्त्यावर दुपट्टे गुंडाळलेले चेहरे. विदर्भातल्या शाळा ह्या उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीकडे उघडतात. म्हणजे मोठी दोन महिने घरी. रिपीटर दिवसभर कचेरीत आणि मोठी दिवसभर पाळण्यापाशी. ह्याचा परिणाम काय होणार हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं.

जुलैत पहिले चार पाऊस झाले आणि धाकटी कुशीवर वळायला लागली. आता पालथी पडणार. रिपीटरनं ठरवलं, हे चुकवायचं नाही. गादीभोवती उशा मांडल्या. एका उशीला टेकवून मोबाइल उभा केला. कचेरीत साहेबांना सांगून सकाळचा एक तास उशिरा यायची परवानगी काढली. कारण काय सांगितलं ते तो सांगत नाही. रोज सकाळी तो गादीजवळ पोटावर झोपायचा आणि धाकटीला समजवायचा, "हा हात आधी आत घ्यायचा. मग पाय टाकायचा. मग बघ." एक दिवस समजावून भागेना म्हणून स्वतः करून दाखवलं. उताणा झाला, हात छातीशी घेतला, पाय पलीकडे टाकला, वळला, आणि कमरेत कुठेतरी कट्ट झालं. पालथा झालेला बाप तसाच राहिला. वहिनी आणि दुसऱ्या मजल्यावरचा पहिलटकर ह्यांनी मिळून त्याला सरळ केलं. पहिलटकराला आत्तापर्यंत अॅपमध्ये भरायला एवढं काही मिळालं नव्हतं.

ह्या सगळ्या गडबडीत धाकटी पालथी झाली होती. मोबाइल पडलेला असल्यामुळे त्यात फक्त गादीचा कोपरा आणि रिपीटरचं "आई गं" एवढंच आलं. पण तो हाडाचा बाप. कमरेला गरम पाण्याची पिशवी लावूनही आनंदानं ओरडला, "पहिल्यांदा! माझ्यासमोर!"

मोठी पट्टीनं चौकटी आखत होती. मान वर न करता म्हणाली, "कालच पलटली होती ती. दुपारी. दोनदा."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तू झोपला होता."

वहिनी म्हणतात, त्या रात्री तो मोठीच्या शेजारी बसून तिला विचारत होता. कशी पलटली, कोणत्या कुशीवरून, हात अडकला होता का, रडली का. मोठीनं बाहुली घेऊन सगळं करून दाखवलं. तो फोटो बघायचा तसा बघत होता, फरक एवढाच की इथं मधेच प्रश्न विचारता येत होते. मोठीनंच मग त्याला आणखी बऱ्याच गोष्टी सांगितल्या. धाकटीला कढईवर झारा आपटला की आवडतं, मिक्सर आवडत नाही; निळ्या दुपट्याचा कोपरा चोखते, पिवळ्याचा नाही; आणि तिला गाणं म्हटलेलं चालतं, पण बाबानं नाही.

ऑगस्टमध्ये पोळा आला. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. हा पोरांचा पोळा, लाकडी बैलांचा. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 साली तो सुरू केला असं सांगतात, आणि महालात राजघराण्याचा मोठा लाकडी नंदी आजही निघतो. त्याच सकाळी इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत असे दोन पुतळे निघतात. गावाची रोगराई, महागाई, जे जे नको ते सगळं तिच्या गळ्यात बांधून "घेऊन जा गे मारबत" म्हणत तिला हाकलायचं. आमच्या स्कीमच्या पोरांनीही पुठ्ठ्याची एक मारबत केली होती. ज्याला जे नको ते चिठ्ठीवर लिहून तिला चिकटवायचं. कोणी डास लिहिले, कोणी मेंटेनन्स, कोणी गणित. वहिनींनी लिहिलं, फुकटचे सल्ले. रिपीटरनं ती चिठ्ठी वाचली आणि मान डोलावली. "बरोबर आहे," म्हणाला, "लोक फार देऊन राहिले आजकाल."

संध्याकाळी मोठी नऊवारीत, हातात दोरीनं ओढायचा बैल. धाकटी टेकून बसायला लागली होती, तिच्यापुढे इतवारीतून आणलेला वीतभर लाकडी बैल ठेवला. शिंगाला बेगड, पाठीवर झूल. तिनं दोन्ही हातांनी बैल धरला, तोंडाशी नेला आणि त्याचं डावं शिंग चोखायला घेतलं. बेगड सुटून हिरडीला लागला. वहिनींनी बोट घालून काढला. रिपीटरनं दोघींना घेऊन घरोघर फेरी काढली. तान्ह्या पोळ्याला पोरांना बोजारा देतात, दहावीस रुपये, चॉकलेट. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मोठीला दहाची नोट दिली. रिपीटर हलेना.

"काकू, हिचा?"

"ती काय बैल चालवून आली का?"

"चोखत आणला आहे. मेहनत कमी नाही."

काकूंनी आणखी एक दहाची काढली आणि धाकटीच्या मुठीत कोंबली. तिनं तीही तोंडात घातली.

मग उष्टावणाचा वाद. डॉक्टर म्हणाले, सहा महिने पूर्ण झाल्याशिवाय वरचं काही नाही, पाणीसुद्धा नाही. दोन्ही आज्यांचं म्हणणं, मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात, पाचव्या नाहीतर सातव्या; सहाव्यात मुलाचं. पाचवा गेलेला. आता? घरात दोन दिवस शीतयुद्ध. शेवटी रिपीटर पंचांग आणि दवाखान्याचं कार्ड शेजारी शेजारी ठेवून बसला आणि त्यानं जो निवाडा दिला तो मात्र खरोखर त्याच्या नोकरीला शोभणारा होता. सहा पूर्ण म्हणजेच सातवा चालू. डॉक्टरही खरे, आज्याही खऱ्या. पितृपक्ष संपला की घटस्थापना, तोच मुहूर्त. दोन्ही आज्यांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच आदरानं बघितलं. फाइल निकाली निघाली.

घटस्थापनेला अकोल्याहून मामा आला, सकाळी, विदर्भ एक्सप्रेसनंच. उष्टावण मामाच्या मांडीवर. धाकटीला खणाचं परकर-पोलकं. चांदीच्या वाटीत खीर, चांदीचा चमचा. मामा तरुण, अजून लग्न व्हायचं. त्यानं धाकटीला दोन्ही हातांत उलटं ठेवलेल्या टरबुजासारखं धरलं होतं. रिपीटर त्याच्या कानाशी, "मान सांभाळ. आता मान धरते म्हणा ती, पण सांभाळ. काही नाही होत. चमचा आडवा धर. आडवा." दुसऱ्या मजल्यावरचा पहिलटकर व्हिडिओ काढत होता, आम्ही सगळे भोवती. मामानं चमचा ओठाला लावला. धाकटीनं तोंड उघडलं, चमचा आत गेला आणि टक् असा आवाज आला.

सगळे गप्प. मामानं घाबरून चमचा काढला. पुन्हा लावला. टक्.

"दात!" आजी ओरडल्या. "अगं बाई, दात!"

रिपीटरनं मामाला बाजूला सारलं आणि धाकटीचा खालचा ओठ अंगठ्यानं हळूच खाली ओढला. हिरडीवर तांदळाच्या कणीएवढं पांढरं काहीतरी होतं, आणि त्याच्या शेजारी दुसरं वर यायच्या बेतात. त्याचे डोळे भरले होते की खिरीचा शिंतोडा उडाला होता, मला सांगता येणार नाही. त्यानं पहिलटकराकडे वळून घसा खाकरला. "मी म्हणूनच राहिलो होतो. लाळ गळत होती ना दोन आठवडे. मोठीचंपण असंच..."

"मागच्या रविवारीच आला तो," मोठी म्हणाली. तिचं सगळं लक्ष खिरीच्या वाटीकडे. "मी बोट घातलं तं चावली."

रिपीटर तिच्यापुढे उकिडवा बसला. "आणि तू मला सांगितलं नाही?"

"सांगितलं की तू पूर्ण स्कीममध्ये सांगत फिरतो," ती म्हणाली, "मग सगळे येऊन तिच्या तोंडात बोट घालतात. तिला नाही आवडत."